चित्राचा अर्थ सांगता येत नाही, म्हणजे चित्रात काही नाहीच का?

प्रश्न

नागपूरची 24 वर्षांची एक वाचक लिहिते. चित्रकलेची पदवी घेऊन दोन वर्षं झाली. दिवसा छपाईच्या एका दुकानात डिझाइनचं काम, रात्री घराच्या गच्चीवरच्या खोलीत कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये अमूर्त चित्रं. वर्षभरापासून ती इन्स्टाग्रामवर टाकते. नुसतं चित्र टाकलं की शांतता. ‘अस्तित्वाच्या पोकळीतला प्रवास’ अशा धर्तीचं काही लिहिलं की लाइक येतात. आता ब्रश हातात असतानाच कॅप्शन सुचायला लागलंय आणि चित्र त्या दिशेनं ढकललं जातंय. कॉलेजातले एक सर म्हणायचे, चित्रकारानं बोलू नये, गायतोंडे बोलत नसत. घरी वडील प्रत्येक नव्या चित्रापुढे उभे राहून ‘हे काय आहे?’ विचारतात आणि तिला उत्तर सुचत नाही. एप्रिलपासून तिच्या चित्रांतले एकमेकांत विरघळणारे आकार गेले आणि कडक कडांचे पट्टे आले. त्याला तिनं पोस्टमध्ये ‘आतला तुटलेपणा’ म्हटलं, पण ते तिलाच खरं वाटत नाही. जानेवारीतल्या एका समूह प्रदर्शनासाठी 150 शब्दांचं स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाविषयीचं टिपण, आणि पाच फोटो मागितलेत. इतरांची स्टेटमेंट्स वाचून केलेला मसुदा कुणाचाही असू शकेल असा झाला. फोटोंचीही तक्रार आहे: ‘करड्याखालचा पिवळा मी तीनच जागी उघडा ठेवलाय, बाकी सगळा झाकलाय, आणि फोटोत नेमका तोच दिसत नाही. करडा तर गुलाबीच येतो.’ शेवटी विचारते: ‘मला माझ्याच चित्रांबद्दल काही सांगता येत नाही. म्हणजे त्यांत काही नाहीच का? आणि किंमत काय लिहू?’

उत्तर

तुझ्या पत्रातलं चित्रांबद्दलचं सगळ्यात नेमकं वाक्य तू तक्रारीच्या ओघात लिहून गेली आहेस: करड्याखालचा पिवळा तीनच जागी उघडा ठेवलाय, बाकी सगळा झाकलाय. त्यात रंग आहेत, कोणता आधी आणि कोणता नंतर ते आहे, हात कुठे आवरला तेही आहे. हे वाचून कुणी चित्रापुढे उभं राहिलं तर त्या तीन जागा शोधेल, आणि शोधता शोधता एरवी कधी बघितला नसता इतका वेळ करड्याकडे बघेल. ‘अस्तित्वाच्या पोकळीतला प्रवास’ वाचणाऱ्याला शोधायला काहीच नसतं. तो मान डोलावतो आणि अंगठ्यानं पुढची पोस्ट वर ओढतो.

तेव्हा ‘मला काही सांगता येत नाही’ हे मला मान्य नाही. अर्थ सांगता येत नसेल. तो बहुतेकांना येत नाही. पण आपण काय केलं ते तुला बारकाईनं माहीत आहे. तू ते सांगण्यालायक समजत नाहीस, एवढंच. अमूर्त चित्रात आशय म्हणतात तो बराचसा अशाच निर्णयांतून उभा राहतो: किती झाकलं, कडा मऊ ठेवली की कापली, पिवळा वर आणला की खाली दाबला. या सगळ्याच्या मागे अर्थ नावाची आणखी एक वस्तू दडवून ठेवलेली आहे आणि चित्रकाराला ती हुडकून दाखवता आली पाहिजे, हा समज कॉलेजातल्या ज्यूरीपासून अनेकांच्या मागे लागतो. तो सोडलास तर बरंच काम हलकं होईल.

आता सरांचं म्हणणं. वासुदेव गायतोंडे जन्मानं नागपूरचेच, 1924 चे. त्यांची बहुतेक चित्रं शीर्षकाविना आहेत आणि ते अबोल होते, हेही खरं. पण ज्या चित्रांसाठी त्यांचं नाव घेतलं जातं ती त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवत, उतरवत, मध्ये लांबलचक थांबत केलेली आहेत. वर्षाला जेमतेम काही चित्रं पुरी होत. आपल्या कामाला ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ म्हणू नये, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कुठल्याही वस्तूवरून न निघालेलं) म्हणावं, हा आग्रहही त्यांचाच. म्हणजे ज्याला आपण त्यांचं मौन म्हणतो त्याच्या अलीकडे भरपूर विचार होता, शब्दांतलासुद्धा. आणि दुसरं टोक याच गावात सापडतं. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्यांनी ‘सौराष्ट्र’, ‘राजस्थान’, ‘बिंदू’ अशी नावं दिली, कॅनव्हासवर देवनागरीत ओळी लिहिल्या, आयुष्यभर आपल्या कामाविषयी बोलले. दोघांच्या चित्रांचा कस त्यांच्या बोलण्या-न बोलण्यावरून कुणी लावत नाही. सरांचा रोख बहुधा पोकळ बोलण्यावर असावा. तुझ्या कॅप्शनांबाबत तो बरोबर आहे, पण त्यावरचा इलाज तोंड मिटणं हा नाही.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. तू स्वतःच्या चित्राचा विचार करतेस तो फक्त पोस्ट टाकायच्या वेळी, म्हणजे लोक बघत असताना. तिथे विचार होत नाही, सादरीकरण होतं. विचाराला एक खासगी जागा हवी. त्यासाठी साधी दोनशे पानी वही घे. प्रत्येक बैठकीनंतर, हात धुवून, चारच ओळी लिहायच्या: आज काय लावलं, काय झाकलं किंवा खरवडलं, कुठे थांबले, आणि का थांबले. ‘का’ला प्रामाणिक उत्तर हवं. ‘रंग संपला’, ‘झोप आली’, ‘उजवा कोपरा आवडला म्हणून बिघडवायची भीती वाटली’ ही सगळी उत्तरं चालतात, आणि तिसरं तर सोनं आहे. घरात बोलतेस त्या मराठीत लिही. इंग्रजी स्टेटमेंटची भाषा वहीत शिरली की ‘स्पेस’ आणि ‘डायलॉग’ सुरू होतात आणि पिवळा रंग पानावरून गायब होतो.

वहीसोबत टप्प्यांचे फोटो ठेव. जमिनीवर मास्किंग टेपची खूण करून रोज त्याच जागेवरून एक फोटो काढ. हे पोस्टसाठी नव्हेत. चित्र पुरं झाल्यावर सात-आठ फोटो ओळीनं बघितले की दोन गोष्टी हमखास दिसतात: एक टप्पा असा असतो जिथे चित्र संपलं होतं आणि तू पुढे गेलीस, आणि एखादी सवय अशी असते, जी दर वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यात तेच करते. दोन्ही कळणं उपयोगाचं आहे, पहिलं जरा दुखतं. फोटो कृष्णधवल करून बघ. रंग वेगळे पण उजेड-अंधाराची पातळी एकच असेल, तर सगळं एका करड्या लगद्यात मिसळलेलं दिसेल. तुझा पिवळा फोटोत दिसत नाही त्याचं एक कारण तिथेही सापडू शकतं: फिका करडा आणि पिवळा जवळजवळ एकाच उजेडाचे असतील, तर फरक फक्त रंगछटेचा उरतो, आणि कॅमेरा नेमका तिथेच कच्चा पडतो.

चित्र झालं असं वाटलं की ते आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेव. मग उलटं टांगून बघ, आरशात बघ. नंतर प्रिंटवर किंवा फोनच्या पडद्यावर कागदाच्या तुकड्यानं एकेक भाग झाकत जा. एखादा भाग झाकूनही चित्राचं काही अडत नसेल तर तो कशाला आहे, हे विचार. दर वेळी तो पुसायलाच हवा असं नाही. रिकामी जागाही कामाची असते. पण उत्तर तुला माहीत असलं पाहिजे. हा आठवडा होईपर्यंत पोस्ट नाही, असा एकच नियम पाळलास तरी ब्रश हातात असताना सुचणारं कॅप्शन आपोआप मागे पडेल. आठ दिवसांनी टाकायच्या ओळी आजच जुळवायची घाई कुणाला होत नाही.

आता एप्रिलचे पट्टे. ते ‘आतला तुटलेपणा’ असतीलही, पण आधी खोलीचं तापमान बघू. नागपूरचा एप्रिल-मे, पारा 42 ते 45, कोरडी हवा, वर तापलेला स्लॅब. रात्री दहालाही गच्चीवरची खोली भट्टीसारखी. अ‍ॅक्रिलिक वाळतो तो मुख्यतः पाणी उडाल्यामुळे. फेब्रुवारीत पातळ थर दहा-पंधरा मिनिटं हलवता येत असेल, तर मे महिन्यात तोच दोन-तीन मिनिटांत धरतो. दोन रंग कॅनव्हासवर एकमेकांत विरघळवायचे तर दोन्ही एकाच वेळी ओले लागतात. ते ओले राहिनात, म्हणून तू रंग शेजारी शेजारी ठेवायला लागलीस आणि कडा कडक झाल्या. निदान अर्धी गोष्ट तरी अशी असावी. यात कमीपणा काही नाही. हवामानानं, कापडानं, खोलीच्या उंचीनं चित्रं बदलत आलीच आहेत. पण मग पट्टे तुझे की उन्हाळ्याचे, हे तपासता येतं, आणि आत्ता थंडी तोंडावर असताना तपासायची सोय आहे.

सारख्या मापाचे दोन छोटे कॅनव्हास घे, 12 बाय 12 इंच पुरे. एकावर रंग नेहमीसारखे लाव. दुसऱ्यावर रंगात रिटार्डर, म्हणजे रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य घाल, म्हणजे कडा मऊ करायला भरपूर वेळ मिळेल. वेळ असूनही तू पट्टेच ठेवलेस, तर ते आता तुझे झाले, सुरुवात उन्हानं करून दिली असली तरी. विरघळवायला लागलीस, तर उन्हाळ्यातली चित्रं हा एक टप्पा होता, असं म्हणून पुढे जा. दोन्हींपैकी काहीही निघो, स्टेटमेंटमध्ये लिहायला एक खरी गोष्ट मिळेल.

रिटार्डरचं प्रमाण सांभाळ. रंगाच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरू कर, 15 टक्क्यांच्या पुढे जाऊ नको. जास्त झाला तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो आणि गच्चीवरची सगळी धूळ त्यावर बसते. पावसाळ्यात तो वापरूच नको, तेव्हा हवाच रंग वाळू देत नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी आणखी काही. पॅलेट म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा पसरट डबा घे, तळाशी ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. इस्त्रीवाले कपड्यांवर मारतात तसला बारीक फवारा हाताशी ठेव. काम शक्यतो पहाटे कर. कुलरची हवा दमट असली तरी झोत थेट कॅनव्हासवर घेऊ नको: वरचा पापुद्रा आधी धरतो, खालचा थर ओला राहून नंतर आकसतो आणि जाड रंगाला भेगा पडतात. जाड थर टाकायचाच असेल तर एकदम न टाकता दोन-तीन वेळा टाक आणि वर पुठ्ठ्याचं सैल झाकण ठेव, म्हणजे सावकाश वाळेल. आणि रंग पळतोय म्हणून पाणी ओतत राहायचं नाही. रंगाच्या बरोबरीपेक्षा जास्त पाणी गेलं की रंगद्रव्याला धरून ठेवणारा पॉलिमर विरळ होतो. वाळल्यावर ओलं पांढरं फडकं हलकेच फिरवून बघ. फडक्याला रंग लागला तर थर कच्चा आहे. पातळ वॉशच हवा असेल तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम घाल.

फोटोंकडे येते, कारण इथे तुझं खरंच नुकसान होतंय. करडा गुलाबी येण्याचं कारण बहुतेक हे असावं: खोलीत ट्यूबलाइट चालू आणि खिडकीतून दिवसाचा उजेड. ट्यूबच्या उजेडात हिरवट झाक असते. ती मारायला फोन सगळ्या फोटोत किरमिजी झाक घालतो, आणि चित्राच्या ज्या भागावर खिडकीचा उजेड आहे तो भाग गुलाबी होतो. मिसळलेला उजेड नंतर कुठल्याही अ‍ॅपनं नीट होत नाही. म्हणून एकच उजेड ठेव. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर, पण सावलीत. चित्रावर थेट ऊन नको, समोर मोकळं आकाश हवं. बाजूची भिंत रंगीत असेल तर तिथून लांब, कारण भिंतीचा रंग चित्रावर उतरतो. तुझ्या अंगावरच्या लाल कुर्त्याचाही उतरतो, म्हणून काळे किंवा करडे कपडे घाल. चित्र खुर्चीला तिरपं टेकवलं तर फोनही तेवढाच तिरपा धरावा लागतो. त्यापेक्षा सरळ उभं टांग. फोनची लेन्स चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर. जवळ जाऊन काढला की कडा फुगतात, म्हणून दोन-अडीच मीटर मागे सर आणि दुप्पट झूमची लेन्स वापर. पडद्यावर ग्रिड लाव, चारही कोपरे त्याच्याशी जुळव. एचडीआर आणि ‘सुधारून देणारे’ सगळे पर्याय बंद. पांढऱ्या रंगाच्या खात्रीसाठी लोक झेरॉक्सचा कागद धरतात, पण त्यात निळसर चमक देणारी द्रव्यं असतात. त्यापेक्षा जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा लेप) लावलेल्या कॅनव्हासची एक पट्टी चित्राच्या कडेला धर, फोटोत घे, एडिटरमध्ये व्हाइट बॅलन्स त्या पट्टीवर ठरव आणि मग पट्टी कापून टाक. शेवटी फोन चित्राशेजारी धरून ताडून बघ, पडद्याची ब्राइटनेस मध्यावर आणि रात्रीचा पिवळा मोड बंद ठेवून.

पिवळा हरवण्याचं गणितही साधं आहे. इन्स्टाग्रामवर चित्र साधारण 1080 पिक्सेल रुंद दिसतं. तुझा कॅनव्हास 36 इंच रुंद असेल तर एका इंचाला 30 पिक्सेल मिळाले. पिवळ्याची रेघ एक-षोडशांश इंचाची असेल तर तिच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात, आणि फाइल दाबून लहान करताना तेही पुसले जातात. म्हणून पूर्ण चित्र पहिलं, त्यामागे सहा इंचांच्या भागाचा जवळून काढलेला फोटो, बाजूनं सरपटत येणाऱ्या उजेडात, म्हणजे थराची जाडी दिसेल. तिसरा फोटो भिंतीवर टांगलेल्या चित्राचा, शेजारी खुर्ची किंवा दाराची चौकट येईल असा. अमूर्त चित्राचं माप पडद्यावर कळतच नाही. 8 इंचाचं आणि 5 फुटांचं सारखंच दिसतं. या तीन फोटोंनी जे काम होतं ते कॅप्शनच्या दहा ओळींनी होत नाही.

याच कारणानं लाइकवरून चित्र जोखू नको. छोट्या पडद्यावर भडक आणि ठळक चित्र जिंकतं, करड्याचे सहा थर असलेलं हरतं, आणि तुझं सगळं काम तर थरांतच आहे. शब्द घातले की लाइक येतात, कारण लोक शब्दांना लाइक देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडद्यावर तेवढंच वाचता येण्याजोगं होतं. ज्यांचं मत तुला हवंय अशा दोघातिघांना चहाला बोलाव आणि चित्रं प्रत्यक्ष दाखव. दुसऱ्यांची चित्रंही प्रत्यक्ष बघ. चिटणवीस सेंटरला आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं लागतात, चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असतं. तिथे शेजारच्या पाटीवरचं स्टेटमेंट आधी वाचायचं नाही. दहा मिनिटं चित्र बघ, वहीत चार ओळी लिही, मग पाटी वाच. पाटीचा चित्राशी संबंध किती वेळा लागतो आणि किती वेळा नाही, हे स्वतः बघितलंस की स्टेटमेंट या प्रकाराची धास्ती बरीच कमी होईल.

पोस्टखाली काय लिहायचं? शीर्षक, वर्ष, माध्यम, माप. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर. त्याखाली वहीतली एक ओळ, वाटली तर. ‘आधी पूर्ण पिवळा होता. करड्याचे सहा थर. तीन जागा सोडल्या.’ एवढं पुष्कळ. मुद्दाम गूढ करू नको आणि वर सुविचारही नको. शीर्षक सुचत नसेल तर मालिकेचं एक नाव आणि क्रमांक चालतो. नुसतं ‘शीर्षकहीन’ चाळीस चित्रांना दिलंस तर पुढे कुठलं विकलं आणि कुठलं घरी आहे, ते तुलाच कळणार नाही. एकदा जाहीर केलेलं नाव बदलायचं नाही. वहीच्या मागच्या पानांवर यादी ठेव: क्रमांक, नाव, वर्ष, माप, फोटोची फाइल, चित्र सध्या कुठे आहे. तोच क्रमांक कॅनव्हासच्या मागे लाकडी पट्टीवर पेन्सिलनं लिही. कापडावर मार्करनं लिहू नको, शाई पुढच्या बाजूला उमटू शकते.

स्टेटमेंट याच वहीतून निघेल. तुझ्या पत्रातल्याच गोष्टींवरून एक नमुना करून बघितला:

‘मी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करते. या मालिकेची सुरुवात पिवळ्यानं झाली. आधी सगळा कॅनव्हास पिवळा, मग त्यावर करड्याचे थर. चित्राचा बराचसा वेळ किती झाकायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवण्यात जातो. एका चित्रात पिवळा तीनच जागी उघडा आहे. एप्रिलनंतरच्या चित्रांत पट्टे आहेत. उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळत होता, कडा मिसळेनात, म्हणून त्या तशाच राहू दिल्या. आता थंडीतही मी त्या राहू देते.’

शेवटचं वाक्य दोन कॅनव्हासांच्या प्रयोगानंतरच ठेव किंवा काढ. इथे शंभराच्या आतच शब्द आहेत. उरलेल्या जागेत करडा तू कशातून बनवतेस ते लिही. काळा-पांढरा मिसळून केलेला करडा आणि अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांतून आलेला करडा यांत केवढा फरक असतो, ते तुला ठाऊकच आहे. बघणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. मग प्रत्येक वाक्याला एक कसोटी लाव: हे वाक्य प्रदर्शनातल्या दुसऱ्या कुणाच्या चित्राखाली चिकटवलं तर खपेल का? खपत असेल तर खोड. भावनांचे शब्द वर्ज्य नाहीत, पण त्यांनी वहीतल्या एखाद्या नोंदीला धरून यावं. ‘भीती’ लिहायचंच असेल तर उजव्या कोपऱ्याची भीती लिही. स्टेटमेंट मोठ्यानं वाचून बघ, आणि समोर कुणी उभं असताना म्हणायला जड जाईल ते वाक्य काढून टाक.

वडिलांबद्दल. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न तू परीक्षा म्हणून ऐकतेस. मला त्यात वेगळंच दिसतं: ते दर नव्या चित्रापुढे येऊन उभे राहतात. न आवडणाऱ्या गोष्टीपुढे माणूस इतक्या वेळा जात नाही. त्यांना धरायला काहीतरी हवंय. त्यांना सांग, ‘बाबा, पहिले तुमची नजर कुठं गेली?’ मग आधी दहा फुटांवरून आणि नंतर दोन फुटांवरून बघायला लाव. पिवळा कुठे कुठे राहिलाय ते शोधायला सांग. त्यांना त्यात ढग, शेत किंवा अंबाझरी तलावाचं पाणी दिसलं तर खोडून काढू नको, आणि ‘हो, तेच आहे’ असंही म्हणू नको. ‘मला तसं दिसलं नव्हतं, कुठं दिसलं तुम्हाला?’ एवढं विचार. त्यांचं बोट जिथे जाईल तिथे तू काय केलं होतंस ते सांग. मित्रांच्या ‘काय काढलं बे हे’ला हेच उत्तर चालतं. ‘असं तर आमचा पोट्टाही काढेल’ या कमेंटला मात्र उत्तर द्यायचं कारण नाही, पोट्ट्याला शुभेच्छा.

किमतीचं थोडक्यात. पुष्कळ जण चौरस इंचाचा दर लावतात. समजा 10 रुपये. 24 बाय 30 चं चित्र 7,200 ला, 12 बाय 12 चं 1,440 ला आणि 48 बाय 60 चं 28,800 ला जातं. छोट्या चित्रात कॅनव्हास आणि फ्रेमचा खर्चही निघत नाही आणि मोठं नवख्या चित्रकाराला अडून बसतं. त्याऐवजी उंची अधिक रुंदी, गुणिले एक दर. दर 130 धरला तर तीच चित्रं 7,020, 3,120 आणि 14,040 अशी येतात. उतार सौम्य होतो. हे आकडे फक्त हिशेबापुरते, तुझा दर तुझ्या खर्चावरून आणि गावातले तुझ्या वयाचे चित्रकार काय लावतात त्यावरून ठरव. गॅलरी 30 ते 50 टक्के कमिशन घेऊ शकते, तेव्हा ते आधी विचारून किमतीत धर. भिंतीवरची किंमत आणि घरून विकायची किंमत एकच ठेव. ‘हे मला जास्त आवडतं’ म्हणून एखाद्याची किंमत वाढवू नको. तसं असेल तर ते विकायलाच ठेवू नको. चित्र विकलं तरी, लिहून दिल्याशिवाय, त्याचा कॉपीराइट 1957 च्या कायद्याप्रमाणे तुझ्याकडेच राहतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचं मात्र उलट आहे: वेगळा करार नसेल तर तो गिऱ्हाइकाचा. म्हणून ऑर्डर घेताना दोन ओळींचा कागद कर.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर फाइल दाबली जाते. कॅटलॉगात 8 इंच रुंद छापायचं असेल तर किमान 2,400 पिक्सेल रुंदी लागते. फाइलच्या नावात आडनाव, शीर्षक, वर्ष आणि माप असू दे.

आणि चित्रं पोचवताना. अ‍ॅक्रिलिकचा थर वरून कोरडा लागला तरी उष्णतेनं मऊ होतो, आणि दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर चिकटतात. मध्ये बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद घाल. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेव. आत आले आणि टेम्पो तासभर उन्हात उभा राहिला, तर करड्यावर गोल गोल छाप उठतात आणि ते नंतर जात नाहीत.